पाटीचा दगड

चर्चची किल्ली माझ्याकडे असते.
बेकरीशेजारचं निळ्या दाराचं घर. बेल बिघडली आहे,
खिडकीवर टकटक करायची.
हल्ली सायकलवाले येतात, हेल्मेट काखेत धरून विचारतात,
फ्राऊ केसेल, आत बघण्यासारखं काय आहे?
मी म्हणते, गारवा आहे.

किल्ली वीतभर. उजवीकडे नाही, डावीकडे फिरवायची
आणि दार गुडघ्यानं जरासं उचलायचं.
हे फक्त मला आणि माझ्या गुडघ्याला माहीत.

हा संत उर्बान, द्राक्षांचा कैवारी.
लाकडी. नाक नाही.
पंचवीस मेला ऊन पडलं तर याला वाइननं न्हाऊ घालायचे,
पाऊस पडला तर उचलून थेट मोझेलमध्ये.
माझ्या आजोबांनी दोनदा फेकला
आणि दोनदा खालच्या गावातून हातगाडीवर परत आणला.
दुसऱ्यांदा त्या लोकांनी भाडं घेतलं.

गेल्या एप्रिलमध्ये एका रात्रीच्या थंडीनं
गेर्नोटच्या वेलींचे सगळे कोंब काळे पडले.
सकाळी तो इथे आला, टोपी न काढता उभा राहिला याच्यासमोर.
मी बाहेर गेले, दार उघडं ठेवून.
फेकायचा तर फेक बाबा.
नाही फेकला. म्हणाला, वाकायला कमरेत जोर नाही.

वर पाहा, छप्पर पाटीच्या दगडाचं.
समोरचा अख्खा उतार त्याच दगडाचा, वेली त्याच्या कपच्यांत उभ्या.
दिवसभर ऊन पितो आणि रात्री थोडं थोडं
मुळांना परत करतो, उसनं घेतल्यासारखं.
शाळेत आम्ही लिहायचो ती पाटीही याचीच.
एवढी पाटी गावभर,
आणि धड लिहून ठेवलेलं काही नाही.
लिहायचं काम नदीनं केलं.

दारामागे या.
ही १७८४, बर्फ फुटून आलेलं पाणी.
तिच्या चार बोटं खाली १९९३, नाताळच्या तोंडावर.
गव्हाणीच्या देखाव्यातली मेंढरं
ऑर्गनच्या जिन्यापर्यंत पोहत गेली होती.
एक सापडलंच नाही. तेव्हापासून अकरा मांडतो.

आणि ही?
सगळेच विचारतात.
माझ्या छातीशी आलेली, खिळ्यानं ओढलेली, थोडी तिरकी.
साल नाही.
मी सांगते, लहान पूर होता. ते फोटो काढतात.

बाबा इथले घंटा वाजवणारे.
बेचाळीस साली घंटा उतरवून नेल्या, वितळवायला.
वाजवायला काही उरलं नाही, तरी ते रोज सहाला
मनोऱ्यावर चढायचे, रिकाम्या तुळईखाली उभे राहायचे, उतरायचे.
फोल्कमार त्यांच्या पाठोपाठ.
एकदा त्याला इथे उभं केलं, टाचा भिंतीला,
डोक्यावर प्रार्थनेचं पुस्तक आडवं, आणि खिळा.
घंटा परत आल्या की बघू, म्हणाले, किती वाढलास ते.
मलाही माप हवं होतं. मला म्हणाले, तू उद्या.

एकच घंटा आली, सत्तेचाळीसमध्ये, बोटीनं.
फोल्कमार त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेला, घटसर्पानं.
गावानं घंटेला वेलींची माळ घातली, बँड वाजवला.
बाबांनी दोर ओढला. खाली उतरले
आणि बाजूच्या दारानं घरी गेले.
पुढे कायम बाजूच्याच दारानं.

परवा रंगारी आला होता, टिल नावाचा पोरगा.
सालांच्या रेषा ठेवतो म्हणाला, हा ओरखडा बुजवतो.
हाही पूरच आहे, मी म्हटलं.
त्यानं बारीक ब्रश काढला.
साल सांगा, नीट लिहून देतो.

राहू दे म्हटलं.

तर त्यानं तेवढी भिंत सोडली आहे, बघा,
सगळ्या पांढऱ्यात एवढीशी करडी,
शाळेच्या पाटीएवढी.

चला. दार मलाच ओढू द्या.
रीसलिंग गेर्नोटकडे मिळेल, यंदाची नाही, त्याआधीची.
पुलाच्या पलीकडे, हिरवं फाटक.
त्याची बेल चालते.